साडेसहा पाखरं

१

अंजनाबाई केरसुणी हातात घेऊनच गल्लीत धावत आली. "झेंडा गेला! बाप्पा रे, सातभाईचा झेंडा गेला!"

तांडापेठेतल्या मागांची खटखट एकेका घरातून थांबत गेली. माणसं बाहेर आली, मंडळाच्या खोलीकडे पळाली. अंजनाबाई तिथं रोज झाडायला जायची. समोरच्या भिंतीवर उंचावर टांगलेली सागवानी फ्रेम जागच्या जागी होती, काच शाबूत होती, पण काचेच्या आत नुसता पुठ्ठा दिसत होता.

चौऱ्याहत्तर सालातली संक्रांत तोंडावर आली होती. त्याच संध्याकाळी जिल्ह्याचे कबड्डीचे सामने सुरू व्हायचे होते आणि पहिला सामना होता सातभाई क्रीडा मंडळ विरुद्ध सातभाई क्रीडा मंडळ. अडचण एवढीच, की त्या नावाचे संघ आता दोन होते.

मंडळाच्या पहिल्या सात गड्यांपैकी गावात उरलेले दोघे, भैयाजी नंदनवार आणि बाबाराव हेडाऊ, दसऱ्याला भांडून वेगळे झाले. सातभाई हे नाव आपण ठेवलं, झेंड्यावरचं चित्रही आपलंच, असं दोघंही छातीठोक सांगत. झेंडा हातमागावर विणलेला होता. फांदीवर ओळीनं बसलेली सातभाई पाखरं. पण सातवं अर्धंच दिसायचं, डोक्याकडचा भाग फ्रेमच्या काठाखाली गडप झालेला. मंडळाच्या बनियनवर वर्षानुवर्षं तसाच बिल्ला छापला जाई, साडेसहा पाखरांचा.

जिल्हा संघटनेचे सचिव महादेवराव यांनी आदल्या संध्याकाळी निवाड्याची युक्ती जाहीर केली होती. "ज्यानं चित्र काढलं त्याला सातव्या पाखराचं उरलेलं अंग ठाऊक असणारच. उद्या दोघांनी आधी सांगायचं, मग मी सर्वांसमोर फ्रेम उघडणार. ज्याचं खरं, त्याचं नाव."

आणि आता उघडायला काही उरलंच नव्हतं.

महादेवरावांनी रुपराव कोहळ्यांना बोलावणं धाडलं. रुपराव सावनेरकडचे, गुप्तचर शाखेतून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर, आणि त्या संध्याकाळच्या सामन्याचे पंच. नोकरी सुटल्यापासून त्यांना एका जागी बसवत नसे. घरात ते येरझारा घालत, बायको वैतागली की रस्त्यावर. निरोप आला तेव्हा त्यांच्या पायात चपला होत्याच.

"पोलिसांत देऊ नका," महादेवराव कपाळ पुसत म्हणाले. "दोन्हीकडची पोरं काठ्या काढून बसली आहेत. संध्याकाळपर्यंत झेंडा मिळाला नाही तर सातभाई हे नाव मी कायमचं खोडणार."

बाहेर गलका वाढला. कुणाला तरी मारत होते.

२

मार खात होता कवडू, बाबारावांच्या संघाचा कप्तान. भैयाजींच्या पोरांनी त्याला कडुनिंबाशी दाबून धरलं होतं. रुपराव गर्दीत घुसले आणि त्यांनी जुना पोलिसी आवाज काढला. पोरं मागं सरली.

"यानंच चोरला साहेब!" एकजण ओरडला. "काल चौकात म्हणून राहिला होता, फ्रेम उघडू देणार नाई म्हणून!"

"म्हणलो होतो," कवडू ओठाचं रक्त पुसत म्हणाला. "बाबारावकाका म्हणत, झेंड्याले हात लावाचा नाई. मी त्यायचा शब्द बोललो. चोरी काहून करू? झेंडा निघाला असता तर नाव आमालेच भेटलं असतं."

रुपरावांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. दाराला दोन कुलपं होती. फूट पडल्यापासून एकाची किल्ली भैयाजींकडे, दुसऱ्याची बाबारावांकडे. रोज सकाळी दोन्ही घरांतून किल्ल्या आणून अंजनाबाई दार उघडे. आजही तसंच उघडलं होतं. कुलपांवर ओरखडासुद्धा नव्हता.

मागच्या खिडकीचा एक गज मात्र वाकलेला होता. तिथून बारीक माणूस आत येऊ शकला असता. रुपराव मागच्या बाजूला गेले. खिडकीवर वालाचा वेल चढला होता. वेलाचं पानही चुरगळलेलं नव्हतं. गज बाहेरच्या अंगाला फुगला होता आणि त्याच्याजवळ कोळ्याचं जुनं जाळं धूळ धरून तसंच होतं.

ते आत आले. टेबलावर फ्रेमच्या पाठीमागचे खिळे ठेवलेले होते, एकाशेजारी एक, जपून.

"कवडू, ती फ्रेम उतरव."

कवडू स्टुलावर चढला. त्यानं फ्रेमला हात घातला, दम धरला आणि सोडून दिली. "एकट्याच्यानं नाई होत साहेब. काच जड आहे. तिकून कोणी धराले पाहिजे."

दुसरी बाजू रुपरावांनी धरली. दोघांनी मिळून ती खाली घेतली. आतल्या पुठ्ठ्यावर झेंड्याचा ठसा होता. उन्हानं कडा पिवळ्या झालेल्या, मधला भाग कोरा. उजव्या काठाशी मात्र एक रुंद पट्टा बाकीच्यापेक्षा खोल दबलेला होता. रुपरावांनी त्यावरून अंगठा फिरवला. तिथं कापड दुहेरी होतं.

म्हणजे सातवं पाखरू अर्धं विणलेलं नव्हतं, फ्रेमच्या काठानं चुकून झाकलंही नव्हतं. ते कुणीतरी मुद्दाम दुमडून ठेवलं होतं.

३

भैयाजी नंदनवार ओसरीवर बसले होते. धिप्पाड माणूस, पण आज खांदे पडलेले.

"नाव कसं पडलं, भैयाजी?"

"या निंबावर सातभाई पाखरं कलकल करत. आमी सात पोरं, आमीही तसेच. मीच म्हणलं, आपण सातभाई. कोळशानं भिंतीवर चित्र काढलं मी. गोपिकानं त्यावरून झेंडा विणला. आमच्यातल्या बाजीरावची बहीण ते. बाजीराव आता नाई राहिला."

"सातवं पाखरू अर्धं का?"

"चढाईले गेलेला गडी अर्धा रेघेच्या पल्याड असते ना जी," ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

"पोलिसांत जायचं?"

"नोको." उत्तर फार लवकर आलं. "घरचं भांडण घरातच राहू द्या."

बाबाराव हेडाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहत. सडपातळ, चटकन तापणारे. नाव त्यांनीही त्याच निंबाखाली ठेवलं होतं, चित्र त्यांनीही त्याच कोळशानं काढलं होतं. अर्धं पाखरू मात्र त्यांच्या मते मेलेल्या सोबत्याची आठवण होती.

"झेंडा विणला तेव्हा कोण मेलं होतं?" रुपरावांनी विचारलं.

बाबारावांनी तो प्रश्न झटकून टाकला. मग उसळून म्हणाले, "भैयाजीनं चोरला! त्याले माहीत होतं, त्याचं खोटं निघते!"

"मग तक्रार लिहून द्या. मी आत्ता पोलीस आणतो."

"पोलीस नोको," बाबारावांचा आवाज एकदम खाली आला. "पोरायचे हाल होतील."

रुपराव रस्त्यावर आले ते अस्वस्थ होऊनच. त्यांच्या चाकरीत चोरी झालेल्या माणसानं पोलिसांचे पाय धरलेले त्यांनी पाहिले होते. इथं वैरी दोन, दोघांचंही सर्वस्व गेलेलं, आणि दोघंही एकाच गोष्टीला भीत होते.

तेवढ्यात सायकलवरून एक पोऱ्या ओरडत गेला, "ताराचंदच्या दुकानात नवे बिल्ले आले! वाघाचे!"

४

ताराचंदचं खेळाच्या सामानाचं दुकान सीताबर्डीवर होतं. काउंटरवर बनियनांचा ढीग, आणि प्रत्येकावर जबडा वासलेला वाघ.

"झेंडा गायब झाल्याचं कळायच्या आतच हे छापून तयार?" रुपरावांनी एक बनियन उचलला.

ताराचंदचा चेहरा उतरला, पण तो डगमगला नाही. "साहेब, हे मी दिवाळीपासून छापून ठेवले आहेत. दोन्ही पार्टीले म्हणलं, वाघ घ्या, सिंह घ्या. साडेसहा चिमण्यायले पाहून समोरचा संघ काय भिईल? आता तुमीच बोला."

"चिमण्या नाहीत, सातभाई आहेत."

"असतील. पण अर्धा पक्षी बघून गिऱ्हाईक हसते. मी म्हणलं, निदान पूर्ण तर काढू द्या, एकदा फ्रेम उघडा. भैयाजींनी काय सांगावं? 'मी जिता आहे तंवर ते फ्रेम उघडणार नाई.' मग बाबारावांकडे गेलो. त्यांनी काय सांगावं?"

"काय?"

"तेच! शब्द न् शब्द तोच. फूट पडल्यावर त्या दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट पाह्यली मी."

रुपराव बनियन तसाच टाकून निघाले. ऊन चढलं होतं. बर्डीपासून तांडापेठेपर्यंत ते चालतच गेले, इतक्या झपाट्यानं की मागून हाक मारणारा रिक्षावाला मागंच राहिला. दोन कुलपं, दोन किल्ल्या. बाहेरच्या अंगाला फुगलेला गज. दोघांशिवाय न उतरणारी फ्रेम. कोण, ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. कशासाठी, ते दिसत नव्हतं, आणि तेवढ्यापायी जीव तळमळत होता.

ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं.

५

गोपिकाबाई मागावर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या आसपासच्या, उंच, रुंद खांद्यांच्या. कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धोटा या हातातून त्या हातात सरकत होता.

"झेंडा केवढा होता, बाई?" रुपरावांनी दारातूनच विचारलं.

त्यांनी माग न थांबवता मान हलवली. "या मागाच्या रुंदीचा. पुरा पन्हा."

रुपरावांनी मागाकडे पाहिलं. फ्रेमपेक्षा हातभर तरी जास्त.

"अन् सातवं पाखरू? अर्धं विणलं होतं?"

धोटा थांबला.

"मी अर्धं काम करत नाई, जी."

"मग दुमडलं कुणी?"

गोपिकाबाईंची नजर एकदा, अगदी उडती, कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीकडे गेली आणि परत आली. रुपरावांना ती दिसली. खाकी वर्दीत असते तर त्यांनी चळत उपसली असती. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"बाई, मी शोधायला आलो नाही," ते म्हणाले. "दुपारी खोलीवर दोघांना बोलावलं आहे. महादेवराव असतील. त्यांच्यासमोर मी एवढंच सांगणार, की झेंडा कुणी काढला. का काढला, ते मला ठाऊक नाही. ते सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

ते गल्लीच्या टोकाला पोचले तरी गोपिकाबाईंचा माग पुन्हा सुरू झाला नव्हता.

६

खोलीत भैयाजी एका भिंतीला, बाबाराव दुसऱ्या भिंतीला, मध्ये महादेवराव आणि टेबलावर रिकामी फ्रेम. बाहेर दोन्ही संघांची पोरं निंबाखाली अंतर राखून उभी, एकमेकांकडे डोळे वटारून. कवडूचा ओठ सुजला होता.

"खिडकीतून कुणी आलं नाही," रुपरावांनी येरझारा घालतच सुरुवात केली. "गज आतून ढकलून वाकवला आहे, चोर आल्याचं भासवायला. वेल आणि जाळं शाबूत आहे. चोर दारानं आला आणि दारानं गेला. कुलपं फोडली नाहीत, म्हणजे किल्लीनं उघडली. एका किल्लीनं हे दार उघडत नाही."

"म्हणजे याच्या माणसानं माह्या घरून किल्ली चोरली!" बाबाराव ओरडले.

"मीही आधी तसंच धरलं होतं. पण किल्ली चोरली असती, तर चोरीला गेलेला माणूस सकाळीच बोंबलला असता. तुम्ही दोघं बोंबलला नाहीत. पोलीस म्हटल्यावर दोघंही पांढरे पडलात. आणि ही फ्रेम एकट्याला उतरत नाही. कवडूसारख्या गड्याला जमली नाही. खिळे बघा कसे ठेवले आहेत, जसे देवघरातले. चोर झेंडा ओढून पळतो. इथं दोघं जण होते, त्यांना त्या कापडाची माया होती, आणि रिकामी फ्रेमसुद्धा त्यांनी सवयीनं परत खुंटीवर लावली."

महादेवरावांनी एकदा भैयाजींकडे पाहिलं, एकदा बाबारावांकडे. "हे दोघं? अहो, हे एकमेकांच्या दारात पाणी पीत नाहीत!"

"तुम्ही फ्रेम उघडतो म्हणालात, तेव्हा प्यायले असतील," रुपराव म्हणाले. "झेंड्याचा एक भाग दुमडलेला आहे. तिथं जे आहे ते दोघांनाही ठाऊक आहे, आणि ते बाहेर आलं तर दोघंही खोटे ठरतात. एकच खोटा ठरला असता, तर दुसरा मिशीला पीळ देत बसला असता."

मग भैयाजी खाली मातीवरच बसले.

"नाव मी नाई ठेवलं," ते म्हणाले.

"भैया!" बाबाराव कळवळून म्हणाले.

"राहू दे गा आता. यानंही नाई ठेवलं, साहेब. कन्हानले सामने होते, नदीच्या रेतीत. आमी सात निघालो अन् बाजीरावले हिवताप भरला. सहा गड्यायले उतरू देत नोयते. त्याची बहीण भाकऱ्या घेऊन आली होती संगं. ते आमच्यासंगं निंबाखाली खेळतच मोठी झाली होती, कोणाच्या बापाले न सांगता. तिनं बाजीरावचा सदरा घातला, डोक्याले फेटा गुंडाळला..."

"तिनं शेवटची चढाई केली," बाबाराव भिंत सोडून पुढे आले. "तिघं लोंबकळले पायाले. तरी रेघ शिवली. आमी जिंकलो ते तिच्यापायी."

"नाव तिनंच ठेवलं," भैयाजी म्हणाले. "चित्र तिचंच. अन् सातव्या पाखराच्या चोचीपाशी तिनं गमतीनं जरीची नथ विणली."

बाहेरची पोरं खिडकीशी गोळा झाली होती. आता त्यांच्यात अंतर राहिलं नव्हतं.

"मग उमरेडचं स्थळ आलं तिले," बाबाराव म्हणाले. "पावणे पोरगी पाहाले यायचे होते. कोणी नथ पाहून इचारलं असतं, तर लग्न मोडलं असतं, अन् जन्माची बदनामी. म्हणून आमी दोघांनी तेवढा भाग दुमडून फ्रेम करून घेतली. शपथ घेतली. तंवा आमी जिगरी होतो साहेब. नंतर... पोरं इचारत, नाव कोणाचं? काहीतरी सांगावं लागे. तो म्हणे माह्यं, मी म्हणो माह्यं. बोलता बोलता खरंच वाटाले लागलं."

"झेंडा कुठे आहे?" महादेवरावांनी विचारलं.

दोघांनी खाली पाहिलं. रुपराव म्हणाले, "जाळायला हात धजला नसणार. आणि दुसऱ्याच्या घरात ठेवायला जीव धजला नसणार. दोघांचा विश्वास आहे असं एकच घर तांडापेठेत आहे."

दारातली गर्दी बाजूला झाली. गोपिकाबाई आत आल्या. काखेत गोधडीत गुंडाळलेली वळकटी होती. त्यांनी फ्रेम बाजूला सारली आणि झेंडा टेबलावर पसरला, उलट्या बाजूनं. उन्हापासून वाचलेलं कापड डाळिंबी रंगानं पेटल्यासारखं दिसलं. सहा पाखरं, आणि काठाशी सातवं, पूर्ण. घडीची रेघ त्याच्या मानेवरून गेली होती. चोचीपाशी जरीचा ठिपका.

"आज पहाटे दोघं संगं आले माह्या दारात," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, भांडण मिटलं. मी चहा ठेवाले उठली. तर म्हणाले, हे लपव, तुह्या भल्यासाठी." त्यांनी दोघांकडे पाहिलं. आवाज चढला नाही. "तवा झाकलं ते माह्यासाठी होतं. त्याचे उपकार मी ईसरली नाई. पण ज्याच्यासाठी झाकलं तो माणूस गेला, सासू गेली, पोरीचं लगन झालं. आता झाकून राहिले ते तुमच्यासाठी. मले कोणी इचारलंच नाई."

भैयाजींनी हात जोडले. बाबारावांना तेही जमलं नाही. ते तोंड फिरवून रडत होते.

महादेवराव म्हणाले, "बाई, निवाडा माझ्याकडे होता, तो आता तुमच्याकडे. संध्याकाळी सातभाई या नावानं कुणी उतरायचं? भैयाजींचा संघ की बाबारावांचा?"

"कोणीच नाई."

खिडकीशी कुजबूज उठली. गोपिकाबाईंनी झेंड्याची घडी घातली. यावेळी बरोबर मधोमध.

"खेळू द्या दोघांयले. पण नाव माह्यं आहे, ते आज मी घरी घेऊन चालली."

७

संध्याकाळी मैदान खच्चून भरलं. बातमी तोवर इतवारीपर्यंत पोचली होती आणि लोक सामन्यापेक्षा बिल्ला पाहायला आले होते. त्यांना तो दिसला नाही. रुपरावांनी शिट्टी तोंडाला लावायच्या आधी कवडूनं आपला बनियन काढला, उलटा केला आणि परत घातला. त्याच्या मागून त्याच्या गड्यांनी. पलीकडच्या रेघेवर, सकाळी ज्यांनी त्याला मारलं होतं त्यांनीही. महादेवरावांच्या माणसानं कर्ण्यावरून नावांऐवजी नुसतं "डावीकडचा संघ, उजवीकडचा संघ" असं पुकारलं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले.

भैयाजी आणि बाबाराव एकाच बाकावर बसले होते. मध्ये एका माणसाची जागा सोडलेली होती आणि गर्दी असूनही तिथं कुणी बसलं नाही.

गोपिकाबाई बायकांच्या घोळक्यात, अगदी रेघेलगत उभ्या होत्या. मध्यंतराला महादेवराव टोपी सावरत त्यांच्याकडे गेले. रुपरावही मागोमाग गेले.

"बाई, हे नाव असं पडून राहायला नको," महादेवराव म्हणाले. "पुढच्या साली तरी कुणाला तरी द्या."

"देते ना. लिहून घ्या. आमच्या पेठेतल्या पोरी निंबाखाली खेळतेत, त्यायले देते. बायकायच्या गटात."

महादेवराव घुटमळले. "पण... सातभाई? पोरींच्या संघाला?"

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कधीकाळी कन्हानच्या रेतीत समोरच्या गड्यांकडे पाहिलं असेल.

"काहून जी," त्या म्हणाल्या, "त्या पाखरात माद्या नसतेत का?"